निवतीचं टोक अर्ध्या तासात बघून होतं का?

प्रश्न : डिसेंबरात सुट्टी आहे, मालवणची गर्दी बघून झाली म्हणून यावेळी निवती किल्ला आणि भोगवे असं चालत फिरायचं ठरवतोय. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि सासरे आहेत, सासऱ्यांना पक्ष्यांचं वेड आहे. एक मित्र म्हणाला अर्ध्या तासात बघून होतं, मुक्काम कशाला करताय. खरंच तसंय का? आणि डॉल्फिन दिसतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अर्ध्या तासात तटावर उभं राहून फोटो काढून होतात, बाकी काही नाही. मुक्काम कराच. एका बाजूला भोगव्याचा किनारा, दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर आणि मधे समुद्रात घुसलेला डोंगर अशी जागा आहे ती, आणि तिथं काय दिसणार हे तुम्ही कुठल्या तिथीला आणि किती वाजता जाताय यावर ठरतं, म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी घरातलं कॅलेंडर काढा.

कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, तिकडं तिला सुकती पण म्हणतात. आता बघा, अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की द्वितीया-तृतीयेला भरती रात्री दीड ते सव्वादोनला येते आणि सुकती सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमाराला, शिवाय ते उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी एरवीपेक्षा बरंच आत हटतं आणि एरवी बुडालेली खडपं, म्हणजे किनाऱ्याचे खडक, उघडी पडतात. तुम्हाला हेच दिवस हवेत. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार हटत नाही. हिशोब ढोबळ आहे, मोबाईलवर भरती-ओहोटीचं टाईमटेबल मिळतं तेही बघा, आणि तिथल्या मच्छीमारांना विचारलं तर सगळ्यात उत्तम.

खडपांवर गेलात की मुलाला एका डबक्यापाशी बसवा, पाण्यावर सावली पडणार नाही असं. सुरुवातीला काहीच दिसत नाही, नुसती वाळू आणि शंख. मग त्यातला एक शंख चालायला लागतो कारण आत खेकडा राहत असतो, दगडाच्या कपारीत फुलासारखं काहीतरी उमललेलं दिसतं तो समुद्रफूल नावाचा प्राणी, जरा धक्का लागला की मिटून गोळा होतो. खडकावर हिरवट-तपकिरी मऊ गादी पसरलेली दिसली तर तिच्यावर पाय देऊ नका, हातही लावू नका, तेसुद्धा जिवंत प्राणी आहेत आणि त्यांच्यातल्या काही जाती विषारी असतात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात त्यामुळे अनवाणी अजिबात नको, ग्रिप असलेले जुने शूज घाला. आणि पाणी परत चढायला लागलं की लगेच निघायचं, आणखी पाच मिनिटं करत बसायचं नाही, माघारी जायची वाट आधी बुडते आणि लाटा नंतर दिसतात.

डॉल्फिनचं म्हणाल तर दिसतात, आणि त्यासाठी बोट लागतेच असं नाही. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो, मच्छीमार त्याला मतलई म्हणतात, त्यात पाणी अगदी सपाट असतं. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की सगळीकडे फेस दिसायला लागतो आणि पाठ कुठली, लाट कुठली काही कळत नाही. त्यामुळे उजाडताना गडावर जाऊन बसा, सुकतीची वेळ झाली की खाली उतरा. आपल्या किनाऱ्याजवळ असतो तो कुबडवाला डॉल्फिन, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. टीव्हीवरच्यासारख्या उड्या तो फारशा मारत नाही, श्वास घ्यायला वर येतो, काही सेकंद पाठ दिसते आणि परत गायब. मुलाला सांगा, सुरय आणि कुरव पक्षी जिथं घोळका करून पाण्यात सूर मारतायत तिथं नजर ठेव, खाली मासळी असणार.

सासऱ्यांसाठी तर हा काळ फारच चांगला. तटाच्या दगडांवर निळा कस्तूर बघायला सांगा, हिवाळी पाहुणा आहे, एकटाच उभा असतो आणि सावलीत काळाच वाटतो, ऊन पडलं की मग निळा रंग कळतो. खाली पाण्याच्या कडेला समुद्र बगळे असतील, एक राखाडी आणि एक पांढरा शुभ्र असला तरी जात एकच. आणि पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसलाच तर पंख बघा, घिरट्या घालताना व्ही आकारात वर उचललेले असतात, शेपटी पाचरीसारखी. मासे खातो, समुद्री सापसुद्धा उचलतो. हिवाळ्यातच त्याची वीण चालते, जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यात नव्या काटक्या रचत राहते, तेव्हा कुणी ड्रोन आणला असेल तर घरट्याच्या आसपास उडवू देऊ नका, ही माझी अगदी कळकळीची विनंती आहे.

एक काळजी मात्र घ्या. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावर, फुरसं असतं, जेमतेम हात-दीड हात लांब, रंग मातीत मिसळून जाणारा. वेटोळं करून खवले घासतं, खरखर आवाज येतो, तो ऐकला की जागीच थांबा आणि हळू मागे सरका. दगड उलथायचे नाहीत, कपारीत हात घालायचा नाही, अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय चालायचं नाही. चावलंच तर दोरी-बिरी बांधत, ब्लेडने कापत वेळ घालवू नका, थेट सरकारी रुग्णालय गाठा, इंजेक्शन तिथं मिळतं. आणि गडावर दुकान वगैरे धरू नका, पाणी बरोबर न्या. रेल्वेने कुडाळला उतरून परुळेमार्गे यायचं.

प्रश्न : आम्हाला फक्त जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी मिळते. पावसात जाण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आहे, पण समुद्रासाठी नको, सड्यासाठी जा. खडपांवर उतरायचं नाही, कड्याच्या टोकाशी जायचं नाही, शेवाळ्यावरून पाय सटकला तर खाली धरायला काही नाही. परुळ्याच्या बाजूचे सडे मात्र तेव्हा ओळखू येत नाहीत. मे महिन्यात जिथं नुसता तापलेला कातळ असतो तिथं पाणी साठतं आणि सीतेची आसवं फुलतात, निळीजांभळी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ही वनस्पती किडे खाते, पाण्यातले बारीक जीव मुळांसारख्या धाग्यांवरच्या फुग्यांमध्ये ओढून घेते, कारण कातळावरच्या चिमूटभर मातीत नायट्रोजन जवळजवळ नसतोच. जवळ दवबिंदूही सापडेल, त्याच्या पानांवर चिकट थेंब असतात. अशा जागेला सरकारी कागदावर पडीक म्हणतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाडी सड्यावर घालू नका, रस्त्यावर ठेवा आणि चालत जा, एक टायर गेला तरी तेवढ्या पट्ट्यातली सगळी रोपं जातात.

प्रश्न : निवतीसमोर दिसणाऱ्या दीपगृहाच्या बेटांवर पाकोळ्यांची गुहा आहे म्हणे. तिथं उतरता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उतरू नका. ती बेटं म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. भारतीय पाकोळी, म्हणजे एक छोटा पक्षी, तिथल्या गुहांमध्ये घरटं करते, आपल्या लाळेने खडकाला चिकटवून, आणि काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलालींनी 1940च्या सुमाराला इथल्या पाकोळ्या आणि सुरयांवर लिहून ठेवलंय. पुढे त्या घरट्यांची चोरी व्हायला लागली कारण परदेशात सूपसाठी त्यांना मोठी किंमत येते, तेव्हा चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने राखणीचं काम हातात घेतलं. माणूस आत शिरला की पक्षी घरटं सोडून उडतात, आणि गुहेच्या भिंतीवरून खाली पडलेलं अंडं किंवा पिल्लू परत वर जात नाही. हवा शांत असेल तर बोटीतून लांबून बेटं बघा, लाईफ जॅकेट घालून, आणि वाटेत डॉल्फिन दिसले तर बोटवाल्या दादांना इंजिन हळू करायला सांगा, पाठलाग करायला लावू नका.