वडोदऱ्याची सयाजीबाग महाराजा सयाजीराव गायकवाडांनी शहराला दान दिली, हे खरं आहे का? आणि आज तिची मालकी कोणाकडे आहे?

खरं आहे, पण ‘दान’ म्हटलं की आपण समजतो राजाने खिशातून काढून दिलं, तसं ते नव्हतं. मी वडोदऱ्याचा, आमच्याकडे तिला सगळे कमाटी बागच म्हणतात. विश्वामित्रीच्या काठावरची ही बाग 1879 मध्ये लोकांसाठी खुली झाली. सयाजीराव तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे. 1875 मध्ये आधीचे महाराज मल्हारराव यांना पदच्युत केल्यावर नाशिककडच्या कवळाण्याहून त्यांना दत्तक आणलेलं, आणि कारभार हाती आला तो थेट 1881 च्या डिसेंबरात. तोवर राज्य चालवत होते दिवाण सर टी. माधवराव. म्हणजे नाव महाराजांचं, पैसा संस्थानचा आणि निर्णयात दिवाणांचा वाटा मोठा असणार.

हे माधवराव तंजावरकडचे मराठी. बडोद्याआधी त्रावणकोरचे दिवाण होते. तिरुवनंतपुरमला त्यांच्याच काळात सार्वजनिक बाग, प्राणिसंग्रहालय आणि म्युझियम एकाच आवारात आकाराला आलं. आमच्या बागेतही नेमकी हीच तीन अंगं आहेत. ती कल्पना माधवरावांनी बरोबर आणली असावी असा माझा तर्क. गंमत म्हणजे दोन्हीकडच्या म्युझियमच्या इमारतींशी रॉबर्ट चिझम या एकाच वास्तुकाराचं नाव जोडलेलं आहे.

म्हणून सयाजीरावांचं श्रेय कमी होतं असं मात्र नाही. बाग उघडून देणं सोपं, पुढची चाळीस वर्षं तिच्यात भर घालत राहणं अवघड. म्युझियमची इमारत 1894 मध्ये पुरी झाली. शेजारच्या चित्रदालनाचं बांधकाम 1908 ते 1914 चं. तिथली युरोपीय चित्रं लंडनच्या मॅरियन स्पीलमन या समीक्षकाकडून निवडून घेतलेली, पण महायुद्ध पेटलं आणि ती इंग्लंडातच अडकली. दालन उघडायला 1921 उजाडलं. बागबगिच्यांसाठी संस्थानने उद्यानतज्ज्ञही ठेवले, क्रुंबिगेल नावाचे जर्मन गृहस्थ. पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे गाजले तेच हे.

परतफेडही झाली. बागेच्या दाराशी घोड्यावर बसलेले महाराज दिसतात, तो ‘काळा घोडा’ 1907 मध्ये राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त प्रजेने वर्गणी काढून उभारला. खुशामतीचा भाग त्यात असेलही थोडा, पण शहराने पत्ता सांगायला अजून तोच धरलाय.

तुम्ही मालकीचंही विचारलंय. आज बाग आणि प्राणिसंग्रहालय महानगरपालिका सांभाळते. म्युझियम आणि चित्रदालन मात्र गुजरात सरकारच्या संग्रहालय खात्याकडे आहे. त्यामुळे आवार एक असलं तरी म्युझियमचं तिकीट वेगळं काढावं लागतं.