पापाकडे झुकाव जन्मजात असेल, तर माणूस दोषी कसा?

मध्ययुगीन कॅथलिक धर्मशास्त्राप्रमाणे माणूस जन्मापासूनच पापाकडे झुकलेला असेल, तर त्याच्या हातून घडलेल्या पापाबद्दल त्याला दोषी धरणे हा अन्याय नाही का, आणि ज्या तान्ह्या मुलाने अजून काहीच केलेले नाही त्याला पापी म्हणण्यात अर्थ तो काय, असे आपण विचारले आहे. हा आक्षेप केवळ आजच्या वाचकाला सुचतो असे नाही. १३व्या शतकात धर्मपंडित थॉमस ॲक्वायनस या विषयाला हात घालतो तेव्हा तो सुरुवातीलाच, विरुद्ध पक्षाच्या बाजूने, ‘मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही’ हे बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचे वचन पुढे ठेवतो आणि मगच स्वतःचे उत्तर देऊ लागतो. माझ्या वाचनाप्रमाणे या परंपरेची मुख्य मेहनत तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्यात खर्ची पडली आहे: देवाची आज्ञा मोडणाऱ्या आदामाकडून, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाकडून, आलेली मूळ पापाची अवस्था, त्या अवस्थेमुळे माणसात असलेला वासनेचा ओढा, आणि माणसाने स्वतः, जाणूनबुजून केलेले पाप. या तिघांची गल्लत केली की ‘माणूस जन्मतःच वाईट’ असे सरधोपट वाक्य हाती येते, आणि तसे वाक्य त्या काळातल्या बहुतेक मोठ्या पंडितांना मान्य झाले नसते.

सुरुवात मध्ययुगाच्या आधी, उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याच्यापासून (३५४–४३०) करावी लागते, कारण पुढच्या हजार वर्षांची चर्चा त्याने आखून दिलेल्या रिंगणातच झाली. आपल्या आत्मकथनात तो सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीबद्दल सांगतो. उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या त्याच्या गावी, त्यांच्या द्राक्षमळ्याजवळ पेअरचे एक झाड होते. फळे दिसायला चांगली नव्हती आणि चवीलाही नव्हती, त्याच्या घरी याहून उत्तम फळे होती, तरीही रात्री मित्रांबरोबर जाऊन त्याने झाड झोडपले आणि ती फळे डुकरांपुढे टाकली. या किरकोळ प्रकारावर तो पानेच्या पाने खर्च करतो, कारण भूक, गरज, सूड यांपैकी कोणतेही कारण त्याला सापडत नाही. जे करू नये ते करण्यातच गोडी होती, आणि एकटा असतो तर मी ते केले नसते, एवढेच त्याला म्हणता येते. पापाकडे जाणारा हा विनाकारण ओढा कुठून आला, हा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही.

त्याच सुमारास पेलाजियस नावाचा ब्रिटनमधून आलेला तपस्वी रोममध्ये शिकवत होता की, आदामाच्या पापाने फक्त आदामाचेच नुकसान झाले, बाकीच्यांना त्याने केवळ वाईट उदाहरण घालून दिले आणि मनात आणले तर माणूस पापाशिवाय जगू शकतो. ऑगस्टीनचा प्रतिवाद चर्चच्या प्रत्यक्ष आचारावर उभा होता: तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती धर्मात घेण्याचा संस्कार, ‘पापांच्या क्षमेसाठी’ दिला जातो, मग क्षमा करण्यासारखे त्यांच्यात काहीतरी असलेच पाहिजे. ४१८ मध्ये कार्थेजच्या बिशप-परिषदेने ही भूमिका उचलून धरली. पुढे इटलीतल्या एक्लानमचा बिशप ज्युलियन याने ऑगस्टीनला अधिक अवघड पेचात पकडले. वासना ही देवानेच घडवलेल्या शरीराची गोष्ट आहे, तिला वाईट ठरवले तर विवाहही वाईट ठरतो, असे त्याचे म्हणणे होते. विवाह चांगलाच आहे, पण इच्छेच्या आज्ञेविना शरीर आपले आपण उठते ही आज्ञाभंगाची शिक्षा आहे, असे ऑगस्टीनने उत्तर दिले. त्याच्या लेखी वासना म्हणजे केवळ कामवासना नव्हे, सत्तेची आणि स्तुतीची हावही तीत येते; मात्र उदाहरणे तो वारंवार कामवासनेची देतो, आणि त्याचा परिणाम पाश्चात्त्य ख्रिस्ती मनावर फार खोल झाला. मला हा त्याच्या विचाराचा सर्वांत दुबळा भाग वाटतो. त्याचे एक सूत्र मात्र टिकून राहिले: बाप्तिस्म्याने वासनेचा दोष नाहीसा होतो, वासना स्वतः उरते.

१२व्या शतकात पीटर लोम्बार्डने धर्मशास्त्राचे जे पाठ्यपुस्तक रचले आणि ज्यावर पुढची काही शतके प्रत्येक होतकरू पंडिताला व्याख्याने द्यावी लागली, त्यात ऑगस्टीनचेच मत थोडे घट्ट करून आले: मूळ पाप म्हणजेच वासना. तिला ‘फोमेस’ म्हणत, म्हणजे चकमकीजवळ ठेवलेला कापूस, जो स्वतः आग नव्हे पण ठिणगी पडताच पेटतो. आईबापांच्या कामभोगातून शरीर कलुषित होते आणि देवाने निर्मळ घडवलेला आत्मा त्या शरीराशी जोडला जाताच डागाळतो, अशी संक्रमणाची उपपत्ती त्यासोबत आली. कँटरबरीचा आर्चबिशप ॲन्सेल्म (१०३३–११०९) याने याच्या कितीतरी आधी वेगळी वाट काढून ठेवली होती. पाप राहते ते इच्छेत, बीजात नव्हे, असे तो म्हणतो. एखाद्याने वाईट हेतूने थुंकले किंवा रक्त काढले म्हणून थुंकीत वा रक्तात जसा दोष शिरत नाही, तसाच तो बीजातही नसतो. मग मूळ पाप म्हणजे काय? जी न्यायबुद्धी, म्हणजे इच्छेचा जो सरळपणा, माणसात असायला हवा होता तो नसणे. मानवजातीने तो आदामात गमावला, म्हणून तो तिच्याकडे थकीत आहे. ही व्याख्या मला अधिक खोल वाटते, कारण तीत देह अपवित्र ठरत नाही आणि पाप ही काही साठवून ठेवलेली घाण न राहता एक उणीव ठरते.

आपल्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडला तो फ्रेंच पंडित पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२). ऑगस्टीनच्या झाडाशेजारी ठेवून पाहावे असे त्याचे एक उदाहरण आहे: माणूस दुसऱ्याच्या बागेतून जाताना रसरशीत फळे पाहतो, त्याच्या मनात हाव उसळते, पण चोरून तोडायला तो स्वतःला संमती देत नाही. ॲबेलार्डच्या मते इथे पाप झालेच नाही. उलट हाव असूनही तिच्याशी झुंजल्याचे श्रेय त्याला मिळते, कारण झुंजायला काही नसते तर विजयाचा मुकुट कशाचा? पाप हाव असण्यात नसते, हावेला संमती देण्यात असते. दुसऱ्या उदाहरणात निष्ठुर धनी नंगी तलवार घेऊन निरपराध नोकराच्या मागे लागतो. नोकर जीव घेऊन पळत राहतो आणि शेवटी कोंडीत सापडून धन्याला मारतो. मारण्याची वाईट इच्छा त्याच्या ठायी नव्हती, त्याला जगायचे होते. तरी मारायला त्याने संमती दिली, आणि ॲबेलार्ड दोष ठेवतो तो त्या संमतीवर. मूळ पापाबाबत मात्र त्याने फारच पुढे पाऊल टाकले: आदामाकडून आपल्याकडे अपराध येत नाही, फक्त शिक्षा येते. क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याच्या पुढाकाराने फ्रान्समधल्या साँसच्या धर्मपरिषदेत हे मत दोषी ठरले. संमतीचा मुद्दा मात्र नंतरच्या साऱ्या नीतिचर्चेत मुरला.

थॉमस ॲक्वायनसने (१२२५–१२७४) लोम्बार्ड आणि ॲन्सेल्म या दोघांनाही जागा करून दिली. मूळ पापाचे रूप, म्हणजे त्याला पाप ठरवणारे सार, हे मूळच्या नीतिमत्तेचा अभाव, आणि त्याचे द्रव्य, म्हणजे ते सार ज्यात वसते ती सामग्री, ही वासना, असे तो म्हणतो. यामागचे त्याचे चित्र नीट समजून घ्यायला हवे. निष्पाप अवस्थेत बुद्धी देवाच्या अधीन होती, इच्छाविकार बुद्धीच्या अधीन आणि शरीर आत्म्याच्या अधीन होते; पण ही सुसंगती माणसाच्या प्रकृतीची आपोआप येणारी मालमत्ता नव्हती, ती देवाने दिलेली देणगी होती. देणगी गेली आणि प्रत्येक शक्ती आपापल्या विषयाकडे, पूर्वीचा धरबंध न राहता, धावू लागली. म्हणजे जिभेला चवीची आणि देहाला सुखाची ओढ असणे यात विकृती नाही. विकृती आहे ती या ओढींवर लगाम न राहण्यात. म्हणूनच निष्पाप अवस्थेत देहसुख कमी असते असे तो मानत नाही, प्रकृती निर्मळ असल्यामुळे ते अधिकच असते असे तो म्हणतो. ऑगस्टीननंतर आठ शतकांनी, आणि तेही डोमिनिकन संघाच्या एका ब्रह्मचारी साधूने, हे लिहिले याचे मला नेहमी कौतुक वाटते. पापाने प्रकृतीचे काय होते, यालाही त्याचे उत्तर मोजके आहे: तिचे घटक शाबूत राहतात, सद्गुणाकडे असलेला नैसर्गिक कल क्षीण होतो, पण समूळ नष्ट होत नाही, कारण तो नष्ट झाला तर माणूस विवेकी प्राणीच राहणार नाही आणि मग त्याला पाप करणेही शक्य होणार नाही.

आता अन्यायाचा मुद्दा. ॲक्वायनस म्हणतो की, हाताने खून केला तर हाताला एकट्याला धरून तो अपराधी ठरत नाही. ज्या माणसाचा तो हात आहे त्याच्या इच्छेने तो हलला म्हणून अपराध त्याच्यापर्यंत पोहोचतो. तसेच आदामापासून जन्मलेले सगळे एका देहाच्या अवयवांसारखे मानले, तर मूळ पाप व्यक्तीचे राहत नाही, तिला मिळालेल्या प्रकृतीचे ठरते. म्हणून ते सर्वांत सारखेच असते. एकाची वासना दुसऱ्यापेक्षा प्रबळ दिसली तर त्याचे मूळ पाप मोठे असे नव्हे. हा फरक देहाच्या ठेवणीतून येतो. मानवजात एका देहासारखी आहे हे ज्याला पटत नाही त्याला हे उत्तरही पटणार नाही, आणि मला वाटते आपला प्रश्न खरा तिथेच अडतो. परंतु या उत्तराचा व्यावहारिक परिणाम मात्र तान्ह्या मुलांच्या बाबतीत सौम्य झाला. बाप्तिस्म्याविना मेलेल्या मुलांना ऑगस्टीनने अत्यंत सौम्य का होईना, पण शिक्षा सांगितली होती. १२०१ मध्ये पोप इनोसंट तिसरा याने लिहिले की, मूळ पापाची शिक्षा म्हणजे देवदर्शनाला मुकणे, आणि नरकाच्या यातना या स्वतः केलेल्या पापाच्या. ॲक्वायनस पुढे जाऊन म्हणतो की, त्या मुलांना कसली यातना नसते, आणि काय हुकले याचे दुःखही नसते.

स्वतः केलेल्या पापाचा हिशेब वेगळा होता, आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, बंधनकारक केल्यावर तो हिशेब गावोगावच्या धर्मगुरूला करावा लागला. मनात विचार येणे, त्यात गोडी वाटणे आणि त्याला संमती देणे या पायऱ्या पोप थोरला ग्रेगरी याच्या काळापासून मोजल्या जात होत्या. खरा वाद मधल्या पायरीवर झाला: बुद्धी जागी होण्याआधीच उठलेली उर्मी पाप आहे का? ॲक्वायनस तिला हलके पाप मानतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो की, एकेक उर्मी टाळता येते पण सगळ्याच टाळता येत नाहीत. कामविचार झटकण्यासाठी माणूस शास्त्राच्या चिंतनाकडे वळतो, तर तिथे विद्वत्तेचा अहंकार डोके वर काढतो. ‘रेंगाळलेली गोडी’ म्हणून जो दोष पापनिवेदनात विचारला जाई, तोही घड्याळाने मोजायचा नव्हता. विचार किती वेळ टिकला हे गौण होते. लक्षात आल्यावरही बुद्धीने त्याला हाकलले नाही, हे महत्त्वाचे होते.

प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने पुढे बाप्तिस्म्यानंतर उरणाऱ्या वासनेलाच खरे पाप म्हटले, तेव्हा कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेला १७ जून १५४६ रोजी या जुन्या चर्चेचा निवाडा करावा लागला. वासना किंवा फोमेस बाप्तिस्मा घेतलेल्यांत उरते हे परिषदेने मान्य केले. ती झुंजीसाठी उरते आणि जे तिला संमती देत नाहीत त्यांना ती अपाय करू शकत नाही, असे म्हटले. आणि बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौलाने तिला पाप म्हटले ते ती पापातून आली आणि पापाकडे झुकवते म्हणून, ती स्वतः पाप आहे म्हणून नव्हे, असा अर्थ लावून दिला. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या जेझुइट थॉमस स्टीफन्सच्या १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त आदाम-एवेची कथा मराठी ओव्यांत येते, ती याच परिषदेनंतरच्या पिढीतली आहे. मात्र मूळ पापाचे नेमके स्वरूप कोणते, ॲन्सेल्मचा अभाव की लोम्बार्डची वासना, याची व्याख्या परिषदेने केली नाही. तो वाद तिने विद्यापीठांवर सोडला.