दुमडलेला कोपरा

चि. …,
अनेक आशीर्वाद.

आर्थर सी. क्लार्कची विज्ञान कादंबरी ‘२०१०: ओडिसी टू’ परत मिळाली, आणि आत घडी घालून ठेवलेला तुझा दोन पानी अभिप्रायही. नागपूरची मे महिन्यातली दुपार, बाहेर पडायची सोय नाही. कूलरमध्ये पाणी भरलं आणि आधी तुझी पानं वाचली, मग पुस्तक पुन्हा चाळलं. मत मागितलंस म्हणून स्पष्ट लिहितो, रुसू नकोस.

‘पहिल्या भागासारखी मजा नाही’ हे तू चार वेळा लिहिलंस. अगं, पोहे खाऊन आलेला माणूससुद्धा ‘आज तर्रीत दम नव्हता’ असं म्हणतो, म्हणजे निदान बिनसलं कुठे ते सांगतो. तुझ्या दोन पानांत तर्रीचा पत्ताच नाही.

मीही याच पुस्तकापायी तोंडघशी पडलो होतो. कॉलेजात असताना बर्डीच्या फुटपाथवर ते जुनं मिळालं. पहिल्या कादंबरीत, म्हणजे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त, ‘डिस्कव्हरी’ यान शनीपर्यंत जातं, आणि इथे पाहतो तर ते गुरूभोवती फिरतंय! मला वाटलं, मोठी चोरी पकडली. भित्तिपत्रकात ऐटीत लिहिलं, ‘क्लार्कसाहेबांना स्वतःचंच पुस्तक आठवत नाही.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘लेखकाचं मनोगत वाचलं का?’ नव्हतं वाचलं. क्लार्कनं तिथे सगळं सरळ सांगून टाकलंय. पहिल्या भागाच्या १९६८च्या चित्रपटात शनीची कडी पटतील अशी दाखवता येईनात म्हणून यान गुरूपाशीच थांबवलं, आणि दुसरा भाग लिहिताना त्यानं चित्रपटाचा धागा धरला. आठवडाभर मी त्या भिंतीकडे फिरकलो नाही.

त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी तेच मोठं. पहिलं पुस्तक आलं तेव्हा गुरूचे चंद्र म्हणजे दुर्बिणीतले ठिपके होते. १९७९मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानं गुरूजवळून गेली. आयोवर धगधगते ज्वालामुखी दिसले, युरोपावर तडे गेलेला बर्फ दिसला. दुसरा भाग १९८२चा. मधल्या चौदा वर्षांत नुसता लेखक बदलला नाही, आकाशच बदललं होतं. ‘पैशांसाठी ओढूनताणून वाढवलेली गोष्ट’ असं तू लिहिलंस, तेव्हा या तारखा समोर ठेवल्या होत्यास का? युरोपाच्या बर्फाखाली समुद्र असावा आणि त्यात काही जिवंत असावं, ही कल्पना त्यानं रिचर्ड होगलंडच्या १९८०च्या लेखावरून घेतली, म्हणजे व्हॉयेजरनंतरच. २०२४च्या ऑक्टोबरात निघालेलं युरोपा क्लिपर यान त्याच चंद्राकडे चाललंय, २०३०मध्ये गुरूपाशी पोचेल. तिथे जीवसृष्टी तगू शकेल का, हेच त्याला तपासायचंय.

आता तुझी खरी तक्रार. पहिल्या भागात गूढ होतं, इथे सगळं उलगडून सांगितलंय. हे बरोबर आहे. पण लहानपणी आजी मला इथल्या महाल भागातल्या देवळात कीर्तनाला न्यायची, ते आठवतं. पूर्वरंगात बुवा निरूपण करायचे, अर्धं डोक्यावरून जायचं, तरी अंगावर काटा यायचा. उत्तररंगात आख्यान सुरू झालं की मीच सरसावून बसायचो. उत्तररंगाला ‘पूर्वरंगासारखा गहन नाही’ म्हणून कुणी नावं ठेवत नव्हतं. आख्यान रंगलं की नाही, एवढंच बघायचे. क्लार्कचं आख्यान काही ठिकाणी रंगत नाही, हे मीही म्हणेन. यानावरची बरीच माणसं मला अजून वेगवेगळी ओळखू येत नाहीत. ‘डिस्कव्हरी’वरचा संगणक हॅल पहिल्या भागात का बिघडला याचा खुलासा तर्काला धरून आहे. त्याला मोहिमेचा हेतू लपवायला लावलं आणि तिथेच त्याच्या डोक्यात पीळ पडला. पण तो वाचून माझं मन खट्टू झालं. मला तो संगणक न कळलेलाच जास्त आवडायचा. (हॅलला घडवणारे डॉ. चंद्रा आपल्याकडचे, याचा मात्र त्या वयात भारी अभिमान वाटला होता.)

आणि आता ज्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ते. पुस्तक चाळताना एका पानाचा कोपरा दुमडलेला सापडला. माझ्या प्रतीत मी कोपरे दुमडत नाही, म्हणजे तो तुझाच. चिनी यान युरोपावर उतरतं, बर्फाखालून वर आलेला जीव दिव्यांच्या उजेडाकडे ओढला जातो आणि यान चिरडून टाकतो. एकटा प्रोफेसर चांग उरतो. ऐकणारं कुणी आहे की नाही ते ठाऊक नसताना तो पोशाखातल्या रेडिओवर बोलत राहतो. मरायच्या आधी त्याला एवढंच पोचवायचं असतं की इथे काहीतरी जिवंत आहे. त्या पानावर तू थांबलीस. कंटाळलेला वाचक कोपरा दुमडत नाही गं. आणि तुझ्या दोन पानांत चांगचं नावही नाही!

अभिप्राय पुन्हा लिही. सुरुवात त्या पानापासून कर. तिथे तुला काय झालं ते आधी लिही, मग पुढे पुस्तक कुठे सैल पडलं ते पान धरून सांग. शेवट मात्र फोडू नकोस, गुरूचं काय होतं ते ज्याचं त्याला वाचू दे.

पुस्तक पुन्हा पाठवतोय. कोपरा सरळ केलेला नाही.

तुझा,
काका