'हताहत' म्हणजे मेलेले की जखमी? गेर्निकाच्या आकड्यांच्या निमित्तानं

प्रश्न असा आलाय की स्पेनच्या यादवी युद्धाबद्दल वाचताना एका ठिकाणी "गेर्निकावरच्या हवाई हल्ल्यात अडीच हजार हताहत" असं दिसलं, दुसरीकडे "साडेसोळाशे ठार" आणि तिसरीकडे "दोन-तीनशे मृत्यू", तर हताहत म्हणजे नक्की कोण, मेलेले की जखमी, आणि यातलं धरायचं काय.

आधी शब्द बघू. हत अधिक आहत. हत म्हणजे मारला गेलेला आणि आहत म्हणजे मार लागलेला, घाव बसलेला. आहत आपण मराठीत सुटा फारसा बोलत नाही पण तो अनोळखी नाहीये, ठसा ठोकून पाडलेल्या प्राचीन नाण्यांना आहत नाणी म्हणतात, आणि अनाहत नाद म्हणजे कशावर काही न आपटता उमटणारा नाद. हताश, हतबल यातला हत तर रोजच्या बोलण्यातला. म्हणजे हताहत हा सरळ द्वंद्व समास आहे, मेलेले आणि जखमी दोघं मिळून. नुसत्या मेलेल्यांसाठी तो वापरणं चूक, आणि हल्ली बातम्यांमध्ये ते सर्रास होतंय. इंग्रजी बातमीतला कॅज्युअल्टी शब्द बघितला की हात आपोआप हताहतकडे जातो, तिथपर्यंत बरोबर आहे, त्या शब्दातही दोघं येतातच, पण पुढचा माणूस तो वाचून हेडिंगला "ठार" करून टाकतो. (आपल्या बोलण्यात कॅज्युअल्टी म्हणजे हॉस्पिटलातला तो विभाग, जिथे माणसाला वाचवायला नेतात, तोच शब्द बातमीत मेलेल्यांसाठी वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.)

आता तुमचे पहिले दोन आकडे. गेर्निका हे उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातलं गाव, आणि तिथल्या बास्क सरकारनं दिलेला आकडा होता १६५४ मृत आणि ८८९ जखमी. बेरीज करा, २५४३. म्हणजे "अडीच हजार हताहत" आणि "साडेसोळाशे ठार" यात भांडण नाहीच, एकच माहिती दोन तऱ्हेनं लिहिलीय. पण उद्या कोणी "अडीच हजार ठार" लिहिलं तर नऊशेच्या आसपास जिवंत माणसं त्यानं एका शब्दात मारली, हे मला फार गंभीर वाटतं.

तिसऱ्या आकड्याची गोष्ट वेगळी आणि तो वाद खरा आहे. २६ एप्रिल १९३७, सोमवार, म्हणजे गेर्निकाचा आठवडी बाजाराचा वार. दुपारी साडेचारच्या सुमाराला सरकारविरुद्ध बंड केलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूनं लढणाऱ्या काँडोर लीजन या जर्मन हवाई तुकडीची आणि इटलीची विमानं आली आणि तीन तासांहून जास्त वेळ बॉम्ब टाकत राहिली, आधी मोठे आणि मग आग लावणारे. तीनच दिवसांनी, २९ तारखेला, गाव फ्रँकोच्या सैन्यानं घेतलं. म्हणजे ज्यांना मोजायचं होतं त्यांच्या हातात ढिगारा राहिला नाही, आणि ज्यांच्या हातात ढिगारा आला ते म्हणत होते की बॉम्ब पडलेच नाहीत, माघार घेणाऱ्या 'लाल' लोकांनीच, म्हणजे सरकारच्या बाजूनं लढणाऱ्यांनीच, गाव पेटवलं. अशा ठिकाणी मोजणी काय होणार? नंतर नावं शोधून शोधून ज्यांनी याद्या केल्या त्यामुळे आज बरेचसे इतिहासकार दीडशे ते तीनशेच्या आसपास येतात, पण हजारांच्या वरचा आकडा मांडणारे अभ्यासकही आहेत, आणि दोन्हीकडचे लोक मनापासून काम करणारे आहेत.

जॉर्ज स्टीअर नावाचा पत्रकार त्याच रात्री गेर्निकात पोचला, गाव जळत असताना. त्याची बातमी लंडनच्या टाइम्समध्ये २८ तारखेला आली. त्यानं बळींचा आकडा दिलाच नाही. अजून सांगता येत नाही म्हणाला, आणि हेही लिहिलं की जवळच्या बिल्बाओ शहरातल्या पेपरांनी सकाळी आकडा सुदैवानं कमी असल्याचं छापलंय, पण शहरातले निर्वासित घाबरू नयेत म्हणून तो कमी करून सांगितला असावा. एका रस्त्यावर आसऱ्याची जागा जळत्या ढिगाऱ्याखाली गाडली गेली होती, तिथे पन्नासेक माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, अडकली असं तो लिहितो, पण "असं म्हणतात" हे जोडून. जागा स्वतः पाहिली, माणसं पाहिली नाहीत, तेवढा फरक त्यानं वाक्यात ठेवला. त्याच बातमीत एका हॉस्पिटलचा उल्लेख आहे, तिथे ४२ जखमी सैनिक होते आणि ते सगळे जागीच ठार झाले असं त्यानं दिलंय. आधी आहत, मग हत. आणि हे नागरिक नव्हेत, त्यामुळे एकूण मृतांचा आकडा घेऊन त्याला "नागरिक" चिकटवतानाही थांबून बघायला हवं.

ठारबद्दलही सांगतो. ठार वेडा, ठार बहिरा म्हणतो तसा ठार म्हणजे पार, पुरता. म्हणून "जागीच ठार" कानाला बरोबर लागतं आणि "उपचारादरम्यान ठार" कोणी म्हणत नाही, तिथे मृत्यू झाला म्हणतात. हल्ल्याच्या आकड्यात मात्र जागीच गेलेले आणि नंतर गेलेले दोघंही लागतात, आज जखमींत मोजलेला चार दिवसांनी मृतांत जातो, म्हणून आकड्यासोबत तो कधीचा आणि कोणाचा हे हवंच. ते नसेल तर मी तो आकडा लिहीतच नाही.

आणि शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीये पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपल्याकडे जळणं-जाळणं, मरणं-मारणं, पडणं-पाडणं अशा जोड्या आहेत, एका काना-मात्रेचा फरक. गेर्निका जळालं हे फ्रँकोचे लोकही मान्य करत होते. जाळलं कोणी, हा वाद होता. स्टीअरला तिथे आग लावणाऱ्या बॉम्बच्या न पेटलेल्या नळ्या मिळाल्या, त्यांच्यावर जर्मन शिक्का आणि १९३६ साल होतं, तरी फ्रँकोच्या राजवटीत कितीतरी वर्षं अधिकृत गोष्ट उलटीच राहिली, आणि जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी, रोमान हेर्झोग यांनी, जर्मन विमानांचा दोष मान्य केला तो १९९७ मध्ये, साठ वर्षांनी. म्हणून "आगीत गाव जळालं, शेकडो मृत्युमुखी पडले" हे वाक्य व्याकरणानं शुद्ध असलं तरी मी पास करणार नाही, त्यात जाळणारा आणि मारणारा कोणीच नाही.

तर तुमच्या जागी मी असतो तर असं लिहिलं असतं: "२६ एप्रिल १९३७ ला जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकून गेर्निका जाळलं. बास्क सरकारच्या म्हणण्याप्रमाणे १६५४ माणसं मेली आणि ८८९ जखमी झाली, पण पुढच्या अभ्यासकांपैकी बरेचजण मृतांचा आकडा दीडशे ते तीनशे मानतात." यात हताहत लागतच नाही.