पांढरा पट्टा दिसला की घाई नको

कोकण म्हटलं की जांभा आणि काळा बेसॉल्ट. सिंधुदुर्गात मात्र जुने पट्टेदार नाइस (उष्णता-दाबाने बदललेले खडक) उघडे पडलेत, हे तुझं भाग्य. पण पांढरा पट्टा दिसला की लगेच ‘खडक वितळला होता’ म्हणू नकोस. बाहेरून भेगेत घुसून थिजलेली खडकाची शीरही तशीच दिसते. पट्ट्याला बायोटाइटची, म्हणजे काळ्या अभ्रकाची, किनार आहे का बघ; असेल तर खडक तिथेच वितळला असण्याची शक्यता जास्त.

साधारण 800 अंश सेल्सिअसला बायोटाइट, सिलिमनाइट, क्वार्ट्झ या खनिजांच्या अभिक्रियेतून वितळ, म्हणजे वितळलेला खडक, तयार होतो आणि सोबत गार्नेट या खनिजाचा नवा स्फटिक वाढतो. म्हणून पांढऱ्या पट्ट्यात बसलेला गार्नेट मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्या कडा पुन्हा बायोटाइटने खाल्ल्या असतील, तर थिजताना वितळाने सोडलेलं पाणी तिथे पोचलं असावं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला खडकाचा पातळ छेद जरूर कर, कणांच्या फटींत शिरलेला टोकदार फेल्डस्पार (फिकट रंगाचं खनिज) शोध; ती थिजलेल्या वितळाची खूण असते.