परदेशी ॲक्सेलरेटरचा पैसा खात्यात येण्याआधी बँकेशी भांडून घ्या

तुमच्या स्टार्टअपची सिंगापूरच्या ॲक्सेलरेटरमध्ये (नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणारा प्रोग्रॅम) निवड झाली, तुमच्या पोस्टमध्ये बाकी सगळं अभिनंदनाचंच आहे, पण "बँकवाले म्हणतात, पैसे येऊ द्या, मग बघू" हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या शाखेत मलाही हेच ऐकवलं होतं, जवळपास याच शब्दांत. त्या प्रोग्रॅमचे 25 हजार डॉलर, अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी काढू का, मेंटर कसा निवडू, हे तुमचे प्रश्न नंतर घेतो. आधी बँक.

मी सीए नाही, वकीलही नाही. नियम बदलत असतात, तेव्हा काहीही करण्याआधी आपल्या सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) दाखवा. डीपीआयआयटी मान्यता (केंद्र सरकारची स्टार्टअप म्हणून नोंद) वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

बाहेरून आलेल्या प्रत्येक रकमेला बँक पर्पज कोड लावते, म्हणजे पैसा कशासाठी आला त्याचा कोड. आमच्या शाखेच्या फॉरेक्स टेबलवर रोज येणारा पैसा म्हणजे इथल्या आयटीवाल्यांची परदेशी बिलं. आमची रक्कम आली, कंपनीच्या नावात 'टेक' दिसलं आणि साहेबांनी न विचारता सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा कोड ठोकला. म्हणजे कागदोपत्री ती आमची कमाई झाली, भागभांडवल नाही. शेअर इश्यूचं पत्र आधीच देऊन ठेवलं होतं. ते कुठल्या फायलीत गेलं, देव जाणे.

आता मजा बघा. कंपनी कायद्याप्रमाणे पैसे आल्यापासून 60 दिवसांत शेअर अलॉट करायचे, नाहीतर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत. अलॉटमेंट होऊन पीएएस-3 (कंपनी रजिस्ट्रारला अलॉटमेंट कळवायचा फॉर्म) भरेपर्यंत त्या पैशाला हातही लावता येत नाही. अलॉटमेंटनंतर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याचं कळवणारा फॉर्म. त्याला एफआयआरसी (परदेशातून पैसा आल्याचा बँकेचा दाखला) लागते आणि पाठवणाऱ्याच्या ओळखीचा केवायसी रिपोर्टही, आणि दोन्ही बँकेकडूनच मिळतात. आमच्या एफआयआरसीवर कन्सल्टन्सी लिहिलेलं. कागद दुरुस्त झाल्याशिवाय अलॉटमेंटला हात लावणार नाही, असं सीएसबाईंनी स्पष्ट सांगितलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

शाखा म्हणे बँकेच्या मुंबई ऑफिसला लिहिलंय, मुंबई म्हणे शाखेकडून काही आलंच नाही. रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आपल्याच नागपुरात, संविधान चौकात आहे हो, रोज त्यावरून जात होतो, पण हा फॉर्म बँकेमार्फतच जातो, तिथे जाऊन उपयोग शून्य. अलॉटमेंट शेवटी मुदतीच्या काठावर झाली. केवायसी रिपोर्ट त्याहून उशिरा आला, एफसी-जीपीआर लेट झाला आणि लेट सबमिशन फी लागली. ती 7500 रुपये अधिक रकमेच्या आणि उशिराच्या प्रमाणात असते. फीचं दुःख नाही. प्रोग्रॅम चालू असताना खात्यात पैसा पडलेला, आणि आम्ही सर्व्हरचं बिल घरच्यांकडून उसने घेऊन भरून राहिलो होतो! ज्या साहेबांनी कोड लावला त्यांची मधेच बदली झाली. नवे साहेब म्हणाले, "हे माझ्या काळातलं नाही."

म्हणून पैसा सुटायच्या आधी शाखेला ईमेल करा, तोंडी नको: अमुक संस्थेकडून अमुक रक्कम, थेट परकीय गुंतवणूक म्हणून, सोबत टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद) आणि बोर्ड रिझोल्यूशन. पोच घ्या. शाखेत फॉरेक्सचं काम होतच नसेल तर होतं तिथे खातं उघडा, ओळखीच्या मॅनेजरची भीड बाळगू नका. पाठवणाऱ्याला 'सिक्स पॉइंट केवायसी'बद्दल (त्याच केवायसी रिपोर्टसाठी लागणारी माहिती) आत्ताच सांगा, कारण आपली बँक त्यांच्या बँकेला स्विफ्टवर (बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेवर) ते विचारते आणि तिकडे उत्तर द्यायची कोणाला घाई नसते. ट्रान्सफर करताना चार्जेस 'अवर' (म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा) ठेवायला सांगा, नाहीतर मधल्या बँका थोडे डॉलर कापतात आणि शेअरचा हिशेब जुळत नाही.

दुसरं, तिकडून 'सेफ' करार (पैसे आत्ता, शेअर पुढच्या फेरीत) आला असेल तर तो जसाच्या तसा प्रायव्हेट लिमिटेडला चालत नाही. कन्व्हर्टिबल नोट (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) चालते, पण ती एका गुंतवणूकदाराकडून एका हप्त्यात किमान 25 लाखांची हवी. तुमचे 25 हजार डॉलर त्याच्या खालीच बसतात. उरतात साधे शेअर किंवा सीसीपीएस (पुढे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर), त्यांना व्हॅल्युएशन रिपोर्ट लागतो.

डेलावेअरचं म्हणाल तर माझं मत कडक आहे, पटेलच असं नाही. वाय कॉम्बिनेटर हा अमेरिकेतला ॲक्सेलरेटर 5 लाख डॉलर देतं (त्यातले सव्वा लाख 7 टक्क्यांसाठी) आणि त्यासाठी अमेरिका, सिंगापूर अशा ठिकाणची कंपनी मागतं. तिथे निवड झाली तर फ्लिपचा (मूळ कंपनी परदेशात हलवायचा) विचार समजू शकतो. 25 हजारांसाठी काऊन करता? ग्राहक विदर्भातले, टीम इथली, आणि उद्या परत यायचं झालं तर? फोनपे सिंगापूरहून परतली तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे 8 हजार कोटी कर पडला. आपला आकडा लहान असेल, पण वकिलाची फी लहान नसते.

मेंटर: नावापेक्षा वेळ बघा. सॅन फ्रान्सिस्कोचे सकाळचे 10 म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. सिंगापूर अडीच तासच पुढे, तिथलेच घ्या. आणि 'ग्लोबल पिच'साठी तुमच्याकडूनच फी मागणारे मेल आता येतील, ते सरळ डिलीट करा. स्टार्ट-अप चिली 2010 पासून इक्विटी (कंपनीतला हिस्सा) न घेता पैसे देतंय, गूगलचा ॲक्सेलरेटरही इक्विटी घेत नाही, मग आपण खिशातून भरून स्टेजवर कशाला उभं राहायचं?

टर्म शीटमध्ये इन्स्ट्रुमेंट म्हणून (शेअर, नोट की सेफ) नेमकं काय लिहिलंय ते इथे टाका, नाव-रक्कम झाकून. करारावरची संस्था आणि पैसे पाठवणारी संस्था एकच आहे का, तेही बघा. वेगळी असेल तर आणखी एक पत्र लागेल, ते आजच मागून घ्या.