डिरेक्टरी तपासताना आधी रेकलेन बघ

अरे, फाइलसिस्टमचा कोड लिहिताना डिस्कवरून आलेल्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, सध्या एवढंच. एक्स्ट२ (लिनक्सची एक फाइलसिस्टम) घे, डिरेक्टरीतल्या प्रत्येक नावाची एक एंट्री, तिचं हेडर ८ बाइटचं, त्यातला रेकलेन (rec_len, एंट्रीची लांबी) सांगतो पुढची एंट्री किती बाइटवर आहे, आणि तो शून्य आला की लूप जागच्या जागी फिरतो (माझा लॅपटॉप असाच हँग झाला, अख्खं ठाणे ते दादर उभ्याने डोकं खाजवत होतो).

तर रेकलेन:
- किमान १२, ४ ने भाग जाणारा
- ८ अधिक नावाची लांबी, त्याहून कमी नको
- ब्लॉकबाहेर (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याबाहेर) जाणारा नको

एंट्रीतला आयनोड (फाइलचा क्रमांक) ० म्हणजे मोकळी जागा, करप्शन नाही, नवीन पोरं इथेच हमखास एरर देतात. खराब सापडलं तर पॅनिक (अख्खी सिस्टम थांबवणं) नको, एरर परत कर. हॅश ट्री (नाव पटकन शोधायची रचना), चेकसम (डेटा बिघडला का ते कळायचा आकडा) नंतर बघू. आधी छोटी डिस्क इमेज (फाइलमध्ये साठवलेली डिस्क) बनव, हेक्स एडिटरने रेकलेन शून्य कर आणि माउंट करून (सिस्टमला जोडून) एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मार.